मागच्या डिस्कचा सोस

जुन्या मोटारीच्या मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून त्या जागी नव्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवायचे, अशी एक साथ गेली काही वर्षे आपल्याकडे पसरली आहे. साथ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. एकाने बसवले की दुसऱ्याला आपल्या गाडीचे ड्रम लाजिरवाणे वाटू लागतात, आणि तिसरा, ज्याने आयुष्यात कधी चाक उघडून आत काय आहे ते पाहिलेले नाही, तो चारचौघांत विचारतो, “अजून ड्रमच?” माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचे आहे त्यांना लेखाच्या शेवटापर्यंत थांबावे लागणार नाही. ही हौस नुसती खर्चिक असती तर मी एक अक्षर लिहिले नसते. हौसेला मोल नसते हे आपल्या घराघरांत मान्य आहे. पण ही हौस धोक्याची आहे, आणि तिचा धोका ती करणाऱ्यापुरता मर्यादित नाही. रस्त्यावर समोरून येणाऱ्याने तुमच्या गाडीची मागची चाके पाहून आपला मार्ग ठरवावा अशी काही सोय अजून झालेली नाही.

साहित्याला वाहिलेल्या अंकात ब्रेकची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. मला तर उलट वाटते. ज्या समाजात वस्तूंविषयी नीट बोलता येत नाही त्या समाजात माणसांविषयी तरी नीट बोलले जात असेल का, अशी शंका मला पुष्कळदा येते. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत गाड्या काढून घाट उतरणाऱ्यांत या अंकाचे वाचक थोडे नसावेत.

उदाहरणाला मी पद्मिनी घेतो; कारण ती माझ्याकडे आहे, आणि या साथीचा सर्वांत जास्त उपद्रव तिलाच झाला आहे. फियाट ११०० डी ही इटलीतली गाडी १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात होऊ लागली. १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले, पण लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागे सरळ एक्सल आणि त्याखाली पाटे, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने जेवढी माणसे वाहिली तेवढी या देशात फार थोड्या मोटारींनी वाहिली असतील. ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आता उरल्या आहेत त्या हौशी लोकांच्या गाड्या. म्हणजे पूर्वी जी गाडी पोट भरण्यासाठी चाले ती आता रविवारी पुसण्यासाठी असते. आणि रविवारी पुसण्याच्या गाडीला जे जे रोग होतात ते सगळे तिला झाले आहेत.

डिस्क ब्रेक वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याची थोरवी मी कोणापेक्षाही कमी मानणार नाही. इंग्लंडात लँचेस्टर नावाच्या एका बुद्धिमान गृहस्थाने १९०२ मध्ये त्याचे पेटंट घेतले, पण त्याचे खरे दिवस आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५३ साली फ्रान्समध्ये ले मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क लावलेल्या जॅग्वार गाड्यांनी बाजी मारली, आणि मोटारी बनवणाऱ्या साऱ्या जगाचे डोळे तिकडे वळले. ड्रम म्हणजे बंद डबा. आतून दोन शू बाहेर रेटले जातात आणि डब्याच्या भिंतीला घासतात. निर्माण झालेली उष्णता डब्यातच कोंडते. डबा तापला की फुगतो, शूपासून दूर जातो, आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. डिस्कचे तसे नाही. ती उघड्यावर फिरते, वाऱ्याने निवते, आणि तापून फुगली तरी पॅडकडेच सरकते. पावसाच्या पाण्यातून गाडी गेली तर ड्रममध्ये पाणी शिरते आणि पुढचे काही क्षण ब्रेक असून नसल्यासारखा होतो. डिस्क तेच पाणी फेकून देते. ज्याने जुलै महिन्यात हिंदमाताच्या पाण्यातून फियाट काढली आहे त्याला हे समजावून सांगायला नको.

हे सगळे खरे. प्रश्न एवढाच आहे की ही थोरवी कोणत्या चाकांना लागू आहे.

ब्रेक दाबला की काय होते ते एसटीत उभे राहून प्रवास केलेल्या माणसाला ठाऊक असते. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की सगळे उभे प्रवासी पुढे कलंडतात. गाडीचे वजनही तसेच पुढे कलंडते. पुढची चाके दबतात, मागची हलकी होतात. आता एक ढोबळ हिशेब मांडू. पद्मिनी सुमारे नऊशे किलोची; दोन माणसे आणि थोडे सामान धरून साडेदहाशे म्हणा. पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर २.३४ मीटर. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरहून किंचित वर, ५५ सेंटिमीटरवर आहे असे समजू, आणि गाडी उभी असताना वजन पुढे-मागे सारखे विभागले आहे असेही समजू. कोरड्या डांबरी रस्त्यावर जोराचा ब्रेक मारला, गुरुत्वाकर्षणाच्या सात दशांश इतक्या मंदनाने, तर सुमारे पावणेदोनशे किलो वजन मागून पुढे जाते. म्हणजे पुढे सातशे आणि मागे उरले साडेतीनशे. मागच्या चाकांनी करायचे काम एकूण कामाच्या एक तृतीयांश झाले. तेही गाडीत मागे कोणी बसलेले नसेल तर आणि ब्रेकची विभागणी अचूक असेल तर. पहिल्या पावसानंतरच्या निसरड्या रस्त्यावर मात्र इतका ब्रेक लागतच नाही. समजा तीन दशांश लागला, तर पुढे सहाशे आणि मागे साडेचारशे. रस्ता बदलला की वाटणी बदलली.

गाडीची आखणी करणाऱ्या अभियंत्याची सारी कसरत या बदलत्या वाटणीत आहे. त्याला एक ठरीव प्रमाण निवडायचे असते, आणि ते निवडताना तो एक गोष्ट काटेकोरपणे पाळतो: काहीही झाले तरी मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत. का, ते सांगतो. फिरते चाक बाजूला सरकायला विरोध करते. जाम झालेले चाक कोणत्याही दिशेला सारख्याच खुशीने घसरते. पुढची चाके जाम झाली तर स्टिअरिंग निरुपयोगी होते आणि गाडी सरळ पुढे घसरत जाते. ही गोष्ट वाईट आहे, पण माणूस पेडलवरचा पाय किंचित सैल करून तीतून सुटू शकतो. मागची आधी जाम झाली तर गाडीची शेपटी पुढे यायला निघते. एकदा ती निघाली की क्षणार्धात गाडी आडवी होते, आणि आडव्या झालेल्या गाडीला दार म्हणजे काही बंपर नव्हे. युरोपातल्या मोटारींना लागू असणाऱ्या रेग्युलेशन १३ या नियमावलीत हीच अट निरनिराळ्या मंदनांसाठी आलेख काढून घातलेली आहे. तिच्यामागे किती लोकांचे प्राण आहेत ते त्या आलेखात दिसत नाही.

आता आपल्या हौशी मित्राकडे वळू. तो काय करतो? पुढचे ड्रम तसेच ठेवतो, कारण पुढचे काम अवघड आहे, नकल बदलावे लागते, खर्च वाढतो. आणि मागे डिस्क बसवतो, कारण मागे सरळ एक्सल आहे, एक पट्टी वेल्ड केली की कॅलिपर बसतो. आणि सगळ्यांना सांगतो की गाडी आता “डिस्कवर” आहे.

या एका वाक्यात किती अनर्थ भरला आहे पहा. ड्रममध्ये पुढे रेटला जाणारा शू चाकाच्या फिरण्यामुळेच ड्रममध्ये आणखी ओढला जातो. म्हणजे ब्रेकच ब्रेकला मदत करतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही. म्हणून डिस्कला मोठा पिस्टन लागतो आणि बहुतेक गाड्यांत व्हॅक्यूमचा बूस्टरही लागतो. ड्रमच्या व्हील सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर आणि भंगारातून आणलेल्या जाड गाडीच्या कॅलिपरचा ३८ धरला, तर पिस्टनचे क्षेत्रफळ चौपट होते. तेवढे ब्रेक ऑइल ढकलायला जुना मास्टर सिलिंडर पुरेल का? मागच्या चाकांवर पूर्वीपेक्षा जास्त जोर येईल, की कमी? उत्तर दोन्हीपैकी काहीही असू शकते. ते पिस्टनच्या मापावर, पॅडच्या जातीवर, डिस्कच्या व्यासावर अवलंबून आहे. आणि माझी तक्रार नेमकी ही आहे की या मंडळींपैकी कोणी तो हिशेब केलेला मला आजवर भेटलेला नाही. केलेला हिशेब चुकला असता तर मी तो आदराने तपासला असता.

पण समजा, योगायोगाने जोर अगदी जेवढ्यास तेवढा जमला. कोरड्या रस्त्यावर, थंड ब्रेकवर, गाडी सुंदर थांबते. मालक खूष, मिस्त्री खूष. आता ही गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरू द्या. घाटातली सुमारे पाचशे मीटरची उतराई, अकराशे किलोची भरलेली गाडी: एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा कुठेतरी विरायला हवी तिच्यात साधारण सतरा लिटर पाणी, नळाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत तापते. खालच्या गिअरमध्ये उतरणारा शहाणा माणूस यातला मोठा भाग इंजिनावर सोपवतो. न उतरणारा सगळा ब्रेकवर टाकतो. पुढचे ड्रम तापतात, फुगतात, त्यांचा जोर ओसरतो. आणि मागच्या डिस्क? त्या आपल्या गुणाला जागतात. तापल्या तरी त्यांचा जोर फारसा ओसरत नाही. घाटाच्या तळाशी, शेवटच्या वळणावर, अचानक एखादा ट्रक समोर येतो, तुम्ही पूर्ण ताकदीने पेडल दाबता, आणि ज्या क्षणी पुढच्या चाकांनी सगळ्यात जास्त काम करायला हवे त्या क्षणी ती थकलेली असतात व मागची ताजीतवानी असतात. जाम कोण आधी होणार?

पावसातही हीच गत. पुढच्या ड्रममध्ये पाणी, मागची डिस्क कोरडी. ड्रम चारही चाकांना असते तर चारही एकदम थकले असते, एकदम भिजले असते. गाडी थांबायला लांब अंतर लागले असते, पण ती सरळ तरी राहिली असती. चारांत दोन निराळ्या स्वभावाचे ब्रेक, आणि तेही उलट्या टोकाला, ही मांडणी जगातल्या कोणत्याही कारखान्याने कधी विकायला काढली असेल असे मला वाटत नाही. पुढे डिस्क व मागे ड्रम अशा गाड्या मात्र कोट्यवधी झाल्या, आजही होतात. सित्रोएनने १९५५ मध्ये डीएस ही त्या काळातली सर्वांत पुढारलेली गाडी काढली, तिच्या पुढे डिस्क होत्या आणि मागे ड्रम. आमच्या फियाटचेच पहा. १९६६ साली तूरिनमध्ये ११०० ची पुढची आवृत्ती निघाली, ११०० आर. तिला डिस्क दिल्या त्या पुढच्या चाकांना. ज्या लोकांनी ही गाडी जन्माला घातली त्यांना तिच्या कोणत्या टोकाला डिस्क हवी ते बहुधा कळत असावे.

यावर प्रतिपक्षाकडे एक उत्तर आहे, आणि ते नुसते झटकून टाकण्यासारखे नाही. ते म्हणतात: त्याच तूरिनने त्याच १९६६ साली फियाट १२४ काढली, तिला चारही चाकांना डिस्क होत्या, त्याचे काय? बरोबर आहे. पण त्या चारही होत्या, मागच्या दोन नव्हेत. आणि मागच्या एक्सलवर एक दाब-नियंत्रक बसवलेला होता. मागचा भाग हलका होऊन वर उचलला गेला की तो मागच्या ब्रेकचा दाब आवरून धरी. त्या नियंत्रकाशिवाय त्या डिस्कना अर्थ नव्हता. भंगारातून कॅलिपर आणणाऱ्याने तो नियंत्रक पाहिलेलाही नसतो.

आणि १२४ ची गोष्ट इथेच संपत नाही. तीच गाडी रशियाने घेतली. व्होल्गाकाठी तोल्यात्ती इथे १९७० पासून ती झिगुली म्हणून होऊ लागली. परदेशात लाडा म्हणून विकली गेली. इटालियन नमुन्याच्या रशियन रस्त्यांवर चाचण्या झाल्या तेव्हा मागच्या डिस्क चिखलाने आणि खड्यांनी खाऊन टाकल्या. पॅड पाहता पाहता झिजू लागले. मग त्यांनी काय केले? मागच्या डिस्क काढल्या आणि ड्रम बसवले. मागासलेपणामुळे नव्हे, आपला रस्ता ओळखून. आपले रस्ते इटलीच्या रस्त्यांना जवळचे की रशियाच्या, ते वाचकांनीच ठरवावे. कोकणातल्या लाल मातीच्या चिखलातून ज्याची गाडी गेली आहे त्याला फार विचार करावा लागणार नाही.

आजचेही एक उदाहरण देतो. ड्रम म्हणजे आजोबांच्या काळची वस्तू असे मानणाऱ्यांनी फोक्सवॅगनची आयडी ३ ही विजेवर चालणारी गाडी पाहावी. २०२० साली बाजारात आलेल्या या गाडीच्या मागच्या चाकांना ड्रम आहेत. विजेची मोटार वेग कमी करताना आपली मोटरच जनित्र म्हणून वापरते, मागच्या ब्रेकला काम कमी पडते, आणि काम नसलेली उघडी डिस्क गंजते. बंद ड्रम गंजत नाही. शिवाय ब्रेकची झिजून उडणारी धूळ ड्रममध्ये पुष्कळशी आत राहते, आणि युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ या नियमांत ब्रेकच्या धुळीवरही प्रथमच मर्यादा आली आहे. म्हणजे ज्या वस्तूला आमचे मित्र भंगारात टाकत आहेत तिला नवे जग पुन्हा आत बोलावीत आहे.

“पण आजच्या भारी गाड्यांना मागे डिस्क असतातच ना?” असतात. त्यांच्यामागे एबीएस असते आणि मागच्या चाकांचा दाब क्षणोक्षणी मोजून वाटणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असते. आपल्याकडे २०१९ च्या एप्रिलपासून प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचे झाले. त्या गाड्यांतली डिस्क म्हणजे हात आहे, मेंदू दुसरीकडे आहे. हात तोडून आणून आपल्या खांद्याला शिवला म्हणून त्या माणसाची अक्कल येत नाही. काही चाणाक्ष लोक यावर उपाय म्हणून दाब कमीजास्त करणारी एक फिरकी बसवतात आणि ती ड्रायव्हरच्या हाताशी आणतात. पाऊस आला की दोन आटे पिळायचे, मागे सासुरवाडीची मंडळी बसली की दोन आटे सोडायचे! शर्यतीच्या गाडीत, ज्याचा तो धंदा आहे अशा माणसाच्या हाती, ही फिरकी शोभते. आपण पनवेलला वडापाव खायला थांबणारी माणसे आहोत.

नाना पेठेत, जिथे मोटारीचा कोणताही सुटा भाग मिळतो असे पुणेकर अभिमानाने सांगतात, तिथल्या एका गल्लीत मी हे काम होताना उभा राहून पाहिले आहे. एक्सल घोड्यांवर, चाके काढलेली, आणि एक्सलच्या नळीवर एक लोखंडी पट्टी वेल्ड करणे चालू होते. पट्टी कसली, किती जाडीची, ते विचारले. मिस्त्री म्हणाले, “चांगली जाड आहे, साहेब. ट्रकची आहे.” जाडीची ही मोजणी मला नवी होती. मी मनातल्या मनात आकडे मांडले. मागच्या एका चाकावर सव्वाशे किलोच्या आसपास ब्रेकचा जोर, चाकाची त्रिज्या सुमारे २९ सेंटिमीटर, पॅडचे अंतर मध्यापासून दहा सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक जोराच्या ब्रेकला त्या पट्टीवर साडेतीनशे किलोंच्या आसपास ओढ. एकदा नव्हे, वर्षानुवर्षे, हजारो वेळा, खड्ड्यांच्या धक्क्यांसकट. वेल्डिंग पहिल्या दिवशी तुटत नाही. ते आतून चिरत जाते आणि एके दिवशी तुटते. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने एक्सलची नळी केसभर वाकली तरी आतले बेअरिंग आणि ऑइल सील पुढे वर्षभर तुमचा पिच्छा पुरवतात, आणि मग तुम्ही गिअर ऑइल डिस्कवर का येते म्हणून दुसऱ्या मिस्त्रीला शिव्या देता. त्या गाडीच्या मालकांना मी हे सांगितले. ते हसले, म्हणाले, “काका, एवढा विचार केला तर माणूस काही करूच शकणार नाही.” गाडीत लहान मुलाची बैठक बांधलेली होती.

हातब्रेकची कथा आणखी निराळी. ड्रममध्ये हातब्रेकची केबल त्याच शूला ओढते. साधी, भरवशाची सोय. डिस्कला हातब्रेक हवा तर एक तर कॅलिपरमध्येच स्क्रूची यंत्रणा लागते, नाही तर डिस्कच्या पोटात एक छोटा ड्रमच द्यावा लागतो. म्हणजे ज्याला हाकलला तोच मागच्या दाराने आत! भंगारातल्या कॅलिपरची ती यंत्रणा बहुधा गंजून धरलेली असते आणि फियाटच्या केबलची ओढ तिला पुरत नाही. परिणामी रस्त्यावर अशा गाड्या दिसतात ज्यांच्या मालकांच्या पायाशी कायम एक वीट असते. उतारावर गाडी लावली की वीट चाकाखाली. दीडदोन डझन हजार खर्चून विटेवर आलेली ही प्रगती पाहून पंढरीच्या विठोबालाही बरे वाटेल.

मग ही साथ का पसरते? डिस्क दिसते, हे तिचे कारण. जाळीदार अलॉय चाकाच्या आतून चकाकणारी डिस्क, तिच्यावर तांबडा रंग दिलेला कॅलिपर. फोटोत फार छान दिसतो. ब्रेक होज मात्र दिसत नाही. मास्टर सिलिंडरमधले रबराचे वॉशर दिसत नाहीत. ब्रेक ऑइलमध्ये मुरलेले पाणी दिसत नाही. डॉट ३ दर्जाचे ऑइल नवे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतले पाणी पिऊन जुने झाले की हीच हमी १४० पर्यंत खाली येते, आणि घाटात त्याची वाफ झाली की पेडल सपशेल जमिनीला टेकते. दर दोन वर्षांनी ते बदलायला चार-सहाशे रुपये लागतात. मी ज्या ज्या डिस्कवाल्यांना विचारले की ऑइल कधी बदलले, त्यांतल्या बहुतेकांनी मिस्त्रीकडे पाहिले.

तितकाच राग मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींचाही येतो. “कंपनीने दिले तेच पवित्र” म्हणून तीस वर्षांचे चिरलेले होज सांभाळणारे, ब्रेकला मूळ चवीचे लोणचे समजणारे हे लोक डिस्कवाल्यांइतकेच धोक्याचे आहेत. साठीच्या दशकातल्या फियाटला चारही चाकांसाठी ऑइलचा एकच मार्ग होता. एक होज फुटला की चारही ब्रेक गेले. अमेरिकेत १९६८ पासून प्रत्येक मोटारीला दुहेरी मार्ग सक्तीचा झाला, तो याच कारणाने. ज्याला खरोखर जुन्या गाडीचा ब्रेक सुधारायचा आहे त्याने पैसे आधी इथे घालावेत: दुहेरी मास्टर सिलिंडर, नवे नळ, नवे होज, नवे ऑइल. मग टायर. शेवटी गाडीला थांबवतो तो टायर. चाक जाम करण्याइतकी ताकद ड्रममध्येही आहे, आणि जाम करण्यापलीकडे जगातला कोणताही ब्रेक काही करू शकत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने चांगल्या टायरवर गाडी वीस मीटरच्या आसपास थांबते, आणि त्याआधी माणसाचे लक्ष जाऊन पाय हलेपर्यंत एका सेकंदात सोळा-सतरा मीटर निघून गेलेले असतात. दहा वर्षांचे कडक झालेले टायर ठेवून डिस्क बसवणारा माणूस या वीस मीटरांत भर घालतो.

कायद्याविषयी दोनच वाक्ये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला गाडीत करता येणार नाही, असे सांगितले. नाना पेठेतल्या वेल्डिंगचा फोटो अभिमानाने सगळ्यांना दाखवणाऱ्यांनी अपघातानंतर विमेवाल्यांच्या सर्वेक्षकालाही तो दाखवायची तयारी ठेवावी.

आणि ड्रम दुरुस्त करायचे म्हणजे काय करायचे, हेही सांगायला हवे, कारण ते जाणणारे हात संपत चालले आहेत. ड्रम लेथवर धरून आतून एकसारखा गोल करून घ्यायचा, पण ओठावर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पलीकडे नाही. शूला लायनर बसवून तो ड्रमच्या गोलाईला जुळेल असा घासायचा. नुसता नवा शू ठोकला तर तो टोकाला लागतो आणि मधे अधांतरी राहतो, आणि मग लोक म्हणतात ड्रमला ब्रेकच नाही. अंतर नीट जुळवायचे, हवा काढायची, शंभर किलोमीटर चालवून पुन्हा जुळवायचे. एवढे केलेली पद्मिनी ज्याने चालवली आहे तो डिस्कचे नाव काढत नाही. तरीही घाटाचे येणे-जाणे फार असेल, आणि कागदपत्रांची व परवान्याची नीट चौकशी करून डिस्क घ्यायचीच असेल, तर ती पुढे घ्या, बूस्टरसकट घ्या, आणि ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब रोखून धरणारी जी झडप असते ती त्या मार्गातून काढायला सांगा, नाही तर पॅड डिस्कला कायमचे चिकटून राहतील. मागे ड्रमच राहू द्या.

एक गोष्ट मात्र ड्रमची बाजू घेतो म्हणून मला लपवता येणार नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ड्रम उघडला की आत साचलेली ती काळपट धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून टाकायची पद्धत आपल्या गॅरेजांत सर्रास आहे, आणि फुंकायचे काम असते पंधरा-सोळा वर्षांच्या पोराकडे. त्या धुळीने फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होतो, तो तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. तोवर ते पोर कुठे असेल आणि गाडी कुठे असेल. ओल्या फडक्याने पुसून घ्यायला पाच मिनिटे जास्त लागतात. मी माझ्या गाडीचा ड्रम उघडताना बादली आणि फडके घरून घेऊन जातो. गॅरेजमधल्या मुलांना सुरुवातीला याचे हसू येई. आता त्यांतला एक जण कोणाचाही जुना ड्रम आला की न सांगता बादली भरून ठेवतो, आणि दुसऱ्या कोणी हवेची नळी उचलली तर तिच्या हातातून ती काढून घेतो.